नाक सुबक करताना श्वास अडू नये: कोणती पद्धत, किती खर्च?

नाकाचा उंचवटा काढायचाय आणि एका नाकपुडीतून श्वासही धड येत नाही, अशी दुहेरी तक्रार असेल तर दोन्हींचा हिशेब वेगळा मांडा. श्वासाच्या उपचाराला सरकारी रुग्णालय, योजना किंवा विम्याचा आधार मिळू शकतो. रूपाचा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

आधी तपासणी
भोकर भागात राहत असाल तर नांदेड गाठा. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढा. अडथळा दोन नाकपुड्यांमधल्या वाकड्या पडद्याचा, आत वाढलेल्या मांसाचा की झडपेचा (नाकातल्या सर्वांत अरुंद जागेचा), ते लिहून घ्या. गाल हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास मोकळा झाला, तर झडप अरुंद असण्याची शक्यता असते. नुसता पडदा वाकडा असेल तर सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया, पुरते. नाकाचा आकार बदलावा लागत नाही.

उंचवटा काढायचा असेल तर
झडपेचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. उंचवटा तासून वरचं छत नीट बांधलं नाही, तर हा कोन आणखी आवळतो. त्यावर तीन उपाय आहेत:

- स्प्रेडर ग्राफ्ट: पडद्यातल्या कुर्चेच्या पट्ट्या पडदा आणि वरच्या कुर्चेच्या मध्ये बसवतात. वाकड्या किंवा मार लागलेल्या नाकाला भरवशाचा उपाय. वेळ जास्त लागतो.
- ऑटोस्प्रेडर: तिथलीच वरची कुर्चा आत दुमडतात. वेगळी कुर्चा लागत नाही. पण दुमडायला पुरेशी हवी.
- प्रिझर्वेशन: छत न फोडता खालून पट्टी काढून अख्खा कणा खाली बसवतात. बऱ्यापैकी सरळ नाकाला चालते. उंचवटा थोडा परत दिसू शकतो आणि ही पद्धत सगळेच सर्जन करत नाहीत.

खर्च
शासकीय महाविद्यालयात सेप्टोप्लास्टी नाममात्र शुल्कात होते. मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत ती साधारण ४० हजार ते १ लाखात, तर आकारासह पूर्ण शस्त्रक्रिया १ ते अडीच लाखांत जाते. निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर जीएसटी वेगळा. अपघात किंवा जन्मजात दोषाला सूट आहे. हैदराबाद किंवा मुंबई गाठणार असाल तर स्प्लिंट काढायला आठवडाभराने आणि पुढच्या तपासण्यांना होणाऱ्या फेऱ्यांचं भाडंही धरा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, ते रेशन कार्ड दाखवून रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. बऱ्याच विमा पॉलिसींत वाकड्या पडद्यासाठी २ वर्षं थांबावं लागतं.

सर्जनला लेखी विचारा
झडपेला आधार कशाने देणार? भूल, ग्राफ्ट आणि औषधं पॅकेजमध्ये आहेत का? श्वास अडलाच तर दुरुस्तीचे किती?

स्वस्तात झालेलं नाक पुन्हा उघडावं लागलं, तर पडद्यातली कुर्चा अनेकदा आधीच वापरलेली असते. मग ती कानातून किंवा बरगडीतून काढावी लागते आणि बिल फुगतं. घासाघीस खोलीच्या भाड्यात करा, झडपेच्या आधारात नको.