सातवी आज्ञा आणि एक मेंढरू



८ फेब्रुवारी हा संत जोसेफीन बखिता हिचा सण. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ पासून जगभरची ख्रिस्तसभा हा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. बखिता सुदानमधील दार्फूर भागातली. लहान असतानाच तिला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवले. भीतीने ती स्वतःचे नावदेखील विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवान, हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले! अनेकदा विकली गेल्यावर ती इटलीत पोहोचली. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी व्हेनिसच्या न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. पुढच्या जानेवारीत तिचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर ती कनोसा संस्थेची धर्मभगिनी झाली.

तिची कथा ऐकून आपण हळहळतो आणि घरी जातो. आफ्रिका दूर आहे, काळही जुना आहे. आम्हीही बरीच वर्षे असाच सण साजरा केला. म्हणून यंदा जवळची एक घटना सांगतो.

आपल्या दारावरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) पुढे नाशिकला जातो. त्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतली सुमारे दहा वर्षांची एक मुलगी २०२२ मध्ये मरण पावली. तिला शेजारच्या नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला पाठवले होते. आजारी पडल्यावर तिला घरी आणून सोडण्यात आले, आणि नंतर दवाखान्यात तिचा मृत्यू झाला. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रकरण लावून धरले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि मग अशी आणखी मुले असल्याचे बाहेर आले. आईबापांना मोबदला काय मिळाला होता? थोडेफार पैसे, आणि काहींना एक मेंढरू. (सगळ्या मेंढपाळांना यावरून दोषी धरू नये, बहुतेक जण स्वतःच उन्हापावसात, पोटासाठी गावोगाव फिरणारे आहेत.)

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात वाळलेल्या हाताचा माणूस सभास्थानात येतो. तेव्हा प्रभू विचारतो की, शब्बाथ दिवशी तुमचे मेंढरू खड्ड्यात पडले तर तुम्ही ते वर काढणार नाही का? आणि मेंढरापेक्षा माणसाचे मोल किती मोठे! हे वचन आम्ही अनेकदा वाचले होते. पण उभाड्याची बातमी वाचल्यानंतर ते पूर्वीसारखे वाचता येत नाही. सेमिनरीत कांटचे तत्त्वज्ञान शिकताना आम्ही पाठ केले होते की, ज्याला किंमत असते त्याच्या बदल्यात दुसरी वस्तू ठेवता येते, आणि माणसाच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले. येथे तर बदल्यात मेंढरू ठेवले होते.

ख्रिस्तसभेची शिकवण या पापाला कोठे ठेवते, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याला वाटेल, पाचव्या किंवा सहाव्या आज्ञेखाली. परंतु कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात २४१४ व्या परिच्छेदात माणसाची खरेदीविक्री सातव्या आज्ञेखाली येते: चोरी करू नको. मग चोरी कोणाची झाली? आईबापांची नव्हे, त्यांनी तर स्वतः हात पुढे केला होता. चोरी झाली ती त्या मुलीची, तिच्याचपासून. ती आईबापांचीही मालमत्ता नव्हती. देवाने तिला तिचे स्वतःचे आयुष्य दिले होते. म्हणून 'आईबापांनी राजीखुशीने दिली' हे उत्तर देवापुढे चालत नाही.

कायद्यापुढेही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात मानवी तस्करीचा गुन्हा आहे, आणि पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती याला तेथे महत्त्व नाही. कारण संमती कशी मिळते ते आपण सारे जाणतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोर आजारी असते. कोणीतरी उचल देतो. ती फेडायला हंगामभर राबायचे, हिशेब मालकाच्या वहीत, आणि हंगाम संपला तरी बाकी शिल्लकच. वीटभट्टीवर हेच, ऊसतोडीत हेच. बखिताला साखळीने बांधले होते, येथे वही पुरते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि त्याने अशी सर्व कर्जे रद्द केली. पण ज्याला वाचता येत नाही त्याला हे सांगणार कोण? ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९८२ पासून श्रमजीवी संघटनेमार्फत आदिवासी वेठबिगारांसाठी हेच काम केले.

ख्रिस्तसभेचाही इतिहास येथे निष्कलंक नाही, हे कबूल केले पाहिजे. पोर्तुगीज काळात गोव्यातील ख्रिस्ती घरांतही आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, आणि ती घरे रविवारी मिस्सालाही जात असत.

आता कुरुळीकडे येऊ. चाकणच्या कारखान्यांमुळे आपल्यापैकी बहुतेकांची घरे चालतात. कोणी सुपरवायझर आहे, कोणी मजूर पुरवणारा ठेकेदार, कोणी खोल्या भाड्याने दिल्या आहेत. मराठवाड्यातून, बिहारमधून, झारखंडमधून आलेली मुले या खोल्यांत राहतात. एखाद्या मुलाचे आधार कार्ड किंवा एटीएम कार्ड ठेकेदाराकडे असेल, गावी जायचे म्हटले की 'आधी उचल फेड' असे ऐकावे लागत असेल, तर त्याला नोकरी म्हणावे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीदेखील संविधानाच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच, असा निकाल दिला आहे. त्या मजुरांना कोणी पळवून आणले नव्हते.

घरकामाचेही तसेच. 'गावाकडची मुलगी आहे, आमच्याकडे खाऊन-पिऊन सुखी आहे' असे आपण सहज बोलतो. तिचे वय चौदापेक्षा कमी असेल तर तिला कामाला ठेवणे हाच गुन्हा आहे. वय जास्त असेल तर पगार तिच्याच हातात पडतो का, ती घरी फोन करू शकते का, शाळा का सुटली, हे कधी विचारले आहे काय?

पापनिवेदनाला येताना आपण सातव्या आज्ञेपाशी 'चोरी केली नाही' म्हणून पुढे जातो. येत्या उपवासकाळात तेथे थोडे थांबावे, ही विनंती. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी आपली हजेरीवही व उचलीची वही एकदा शांतपणे वाचावी. कोणाची कागदपत्रे आपल्या कपाटात असतील तर ती त्याच आठवड्यात परत करावीत.

संकटातले मूल दिसल्यास १०९८ वर, स्त्रीसाठी १८१ वर व तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करता येते. अर्ज लिहिता येत नसेल, किंवा एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर मिस्सानंतर आम्हाला भेटा. आपण बरोबर जाऊ.

आपले प्रमुख धर्मगुरू