बरे होऊन गेलेले मूल परत का येते? : घर, परिसर आणि बालआरोग्य

बालरुग्ण विभागात काम करणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव परिचित आहे. जुलाब-उलट्यांनी कोमेजलेले मूल दाखल होते, सलाइन व औषधे यांमुळे तीन-चार दिवसांत टवटवीत होते, आई कृतज्ञतेने हात जोडते आणि निरोप घेते. पावसाळा सरण्यापूर्वीच तेच मूल त्याच तक्रारीने पुन्हा त्याच विभागात दाखल झालेले दिसते. पहिल्या वेळचे उपचार चुकलेले नसतात. मूल मात्र ज्या घरी परत गेले, ते घर होते तसेच राहिलेले असते. या लेखात आम्ही त्या घराचा विचार करणार आहोत.

गेल्या काही दशकांत बालमृत्यू कमी झाले आहेत, ही समाधानाची बाब आहे. जगात १९९० साली पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली. २०२२ साली ही संख्या ४९ लाखांपर्यंत खाली आली. आपल्या देशात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४९.७ होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ४१.९ झाले. लसीकरण, प्रतिजैविके व रुग्णालयांतील प्रसूती यांचा यात मोठा वाटा आहे. तथापि नवजात अवस्था ओलांडलेल्या बालकांना गाठणारे न्यूमोनिया व अतिसार हे दोन प्रमुख शत्रू आजही गरीब देशांत ठाण मांडून आहेत, आणि दोघांचीही पाळेमुळे घरात आहेत.

हात आणि पाणी

अतिसाराचे जंतू विष्ठेतून तोंडापर्यंत पोहोचतात. हात, पाणी, अन्न, माश्या आणि जमीन या त्यांच्या वाटा. सार्वजनिक नळाचे पाणी शुद्ध असले तरी ते रुंद तोंडाच्या हंड्यात साठविले आणि प्रत्येक वेळी तांब्या बुडविताना बोटे पाण्यात गेली, तर संध्याकाळपर्यंत ते पाणी शुद्ध राहत नाही. अरुंद तोंडाचे किंवा तोटीचे भांडे, निदान लांब दांड्याचे ओगराळे, हा साधा उपाय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हाताच्या स्वच्छतेविषयी २००२-०३ मध्ये कराचीच्या झोपडवस्त्यांत झालेला प्रयोग मार्गदर्शक आहे. काही वस्त्यांतील कुटुंबांना साबण मोफत देण्यात आला आणि कार्यकर्ते आठवड्याला घरी जाऊन हात धुण्याचे महत्त्व समजावीत राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या इतर वस्त्यांपेक्षा या घरांतील पाच वर्षांखालील मुलांना न्यूमोनिया ५० टक्के कमी झाला. पंधरा वर्षांखालील मुलांमधील अतिसार ५३ टक्क्यांनी घटला. श्वसनाचे कित्येक जंतू नाका-घशातील स्रावाने माखलेल्या हातांवरून पसरतात, हे ध्यानी घेतले म्हणजे साबणाने न्यूमोनिया कमी होण्याचे नवल वाटत नाही. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या साबणाचा परिणाम साध्या साबणापेक्षा अधिक आढळला नाही, ही बाबही गरीब कुटुंबांच्या दृष्टीने मोलाची आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणाऱ्या स्त्रीस प्रत्येक वेळी हात धुण्यास सांगणे सोपे असते. तिने घरात आणलेला प्रत्येक तांब्या तोललेला असतो. पाणी जवळ आले तरच स्वच्छता जवळ येते.

जमीन

पाण्यानंतर पायाखालच्या जमिनीचा विचार करावा लागतो. रांगणारे मूल ज्या जमिनीवर खेळते, तिच्यावरील माती त्याच्या बोटांवाटे तोंडात जाते. गोल जंतांची अंडी मातीत पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. त्यामुळे मातीची जमीन जंतांची पैदास करणारी भूमीच ठरते. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी बालकांना अल्बेंडाझोल दिले जाते आणि तो उपक्रम योग्यच आहे. परंतु गोळीने गेलेले जंत तीच माती पुन्हा परत आणते.

मेक्सिको देशातील कोआविला राज्याने २००० साली या प्रश्नावर थेट घाव घातला. मातीच्या जमिनीच्या घरांना सरकारी खर्चाने सिमेंटची जमीन करून देण्याची योजना तेथे राबविण्यात आली. तोर्रेओन शहरातील लाभार्थी घरांची तुलना राज्यसीमेपलीकडील, म्हणजे ही योजना न मिळालेल्या शेजारच्या शहरांतील घरांशी संशोधकांनी केली. मातीची जमीन पूर्णपणे जाऊन सिमेंटची झाली, तर मुलांतील जंतबाधा ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी व रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तक्षयासाठी आम्ही लोहाची औषधे देतो आणि ती द्यावीच लागतात. पण मुलाचे रक्त पुन्हा भरून येण्यात घराच्या जमिनीचाही वाटा असतो, हे या अभ्यासाने दाखविले.

चूल

चुलीचा धूर मुलाच्या फुफ्फुसांस अपायकारक आहे, याविषयी शंका नाही. तरीही चूल बदलल्याने न्यूमोनिया किती टळतो, याचे उत्तर वाटले होते तितके सरळ निघाले नाही. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ या काळात काही घरांना धुराड्याच्या चुली देण्यात आल्या. न्यूमोनियाची एकूण संख्या संख्याशास्त्रीयदृष्ट्या खात्रीने कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र रक्तातील प्राणवायू कमी होण्याइतका तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. पुढे मलावी देशातील मोठ्या प्रयोगात सुधारित चुलींनी न्यूमोनियात फरक पडला नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथे सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांच्या घरी मोफत गॅस पुरविण्यात आला किंवा तुलनेसाठी पूर्वीचीच चूल ठेवण्यात आली. गॅसच्या घरांत धूर पुष्कळ कमी झाला, तरी बाळांच्या पहिल्या वर्षातील तीव्र न्यूमोनियात अपेक्षित घट आढळली नाही. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून गॅस निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. स्वयंपाकघरातील धुराचा त्रास आईच्या श्वासास व डोळ्यांसही होतो, आणि सरपणासाठी होणारी तिची पायपीट वेगळीच. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधन वापरीत होती. उरलेल्यांपर्यंत ते पोहोचलेच पाहिजे. एवढेच की, शेगडी बदलली म्हणजे न्यूमोनिया टळला, असे आश्वासन आम्ही आईला देऊ नये. स्तनपान, पोषण, लसीकरण व वेळेवर उपचार यांची जोड तिला लागतेच.

दाटीवाटी

एकाच खोलीत सहा-सात माणसे झोपत असतील, तर एकाचा खोकला सर्वांचा होतो. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे १९७९ च्या गोवराच्या साथीचा अभ्यास करताना पीटर आबी या संशोधकांच्या ध्यानात आले की, ज्या मुलांना घरातीलच दुसऱ्या मुलाकडून गोवर लागला, ती बाहेरून संसर्ग आणणाऱ्या मुलापेक्षा अधिक प्रमाणात दगावली. सततच्या निकट सहवासाने संसर्गाची मात्रा वाढते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. गोवराची लस वेळेवर घेणे हे दाटीवाटीच्या घरांत अधिकच निकडीचे का आहे, हे यातून स्पष्ट व्हावे.

अर्धवट उपायांची मर्यादा

वरील प्रत्येक उपाय सुटासुटा पाहताना आशा वाटते. परंतु बांगलादेश व केनया येथे पाणी शुद्धीकरण, शौचालय, हात धुणे आणि पोषण यांची एकत्र चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बांगलादेशात अतिसार कमी झाला, केनयात झाला नाही. पाणी व स्वच्छतेच्या उपायांनी मुलांची उंची दोन्ही देशांत वाढली नाही. बांगलादेशात कार्यकर्त्यांच्या गृहभेटी केनयापेक्षा बऱ्याच अधिक होत्या, ही बाब येथे दखल घेण्याजोगी आहे. अनेक तज्ज्ञांचे मत असे की, सभोवार विष्ठेचा संपर्क राहणाऱ्या वस्तीत एक बाटली क्लोरीन किंवा एक खड्डा पुरेसा ठरत नाही. वस्तीचीच स्थिती पालटावी लागते. म्हणजे पाणीपुरवठा, सांडपाणी व शौचालय ही कामे रुग्णालयाच्या आवाराबाहेरची असली, तरी आमच्या कामाशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

घरातच सुरू होणारे उपचार

घर आजाराचे उगमस्थान असू शकते, तसेच ते उपचाराचे पहिले स्थानही असते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाइनचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तयार करून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. ज्या हातांनी औषध पाजले, ते वैद्यकीय शिक्षण नसलेल्या आई-बापांचे हात होते.

आपल्या राज्यातही याच दिशेने झालेले काम जगाने अभ्यासले. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्त्यांकरवी न्यूमोनियाचे उपचार घरी पोहोचविले, आणि पुढे घरगुती नवजात बालसेवेने नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. आज आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी याच विचाराच्या पायावर उभ्या आहेत.

निरोपापूर्वी

तेव्हा मुलास घरी पाठविताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर काही प्रश्नही विचारले जावेत, असे आम्हांस वाटते. पिण्याचे पाणी कोठून येते व कशात साठते? साबण संपला तर आणता येतो का? जमीन कशाची आहे? चूल कोठे पेटते? लसी पूर्ण झाल्या का? उत्तरे ऐकून आईला दोष देऊ नये. तिच्या हाती असलेल्या गोष्टी तिला सांगाव्यात, आणि जे तिच्या हाती नाही, ते ग्रामपंचायत, नगरपालिका व समाज यांच्यापुढे मांडावे.

प्रत्येक आईस पुढील गोष्टी सांगितल्या जाव्यात :

• पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको.
• शौचानंतर, बाळाची शी धुतल्यानंतर व अन्न हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.
• जुलाब सुरू होताच जलसंजीवनीची एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून पाजावी, स्तनपान व आहार थांबवू नये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची गोळी पूर्ण दिवस द्यावी.
• खोकला असल्यास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असल्यास, अथवा छाती आत ओढली जात असल्यास, विनाविलंब दवाखाना गाठावा.

देणगीदारांच्या साहाय्याने रुग्णालयात खाटा वाढतात, यंत्रे येतात. त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. परंतु एखाद्या वस्तीत तोटीचा नळ आला, घरात पक्की जमीन झाली, तर कित्येक मुलांना त्या खाटांची गरजच पडणार नाही. बरे होऊन गेलेले मूल पुन्हा दिसावे, ते लस घेण्यासाठी, आईच्या कडेवर हसत. रुग्णालयाच्या कामाचे खरे मोजमाप आम्ही त्यातच पाहतो.