मुकादमही डबा उचलतो
(कामाच्या ठिकाणी विश्वास आणि एकजूट : अभ्यासलेख)



आपल्या कोपरमधील बहुतेक घरांतून रोज सकाळी कोणी ना कोणी कामासाठी बाहेर पडते. कोणी लोकलने मुंबई गाठतो, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत जातो, कोणी शाळेत तर कोणी रुग्णालयात. यांपैकी पुष्कळांच्या हाताखाली चार-सहा माणसे असतात. ‘पुढारी’ किंवा ‘साहेब’ म्हटले की आपल्याला केबिनमध्ये बसलेला मोठा अधिकारी आठवतो. परंतु वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, पाळीचा फोरमन, दुकानातील जुना सेल्समन, शाळेतील पर्यवेक्षिका हीसुद्धा पुढारीच आहेत. म्हणून आज आपण एका साध्या प्रश्नाचा अभ्यास करू या : माणसे आपल्या वरिष्ठावर विश्वास कधी ठेवतात?

प्रारंभी माझाच एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात मला नव्याने सुपरवायझर केले होते. एके दिवशी चुकीचा माल गाडीत भरून गेला. कागदावर सही माझी होती. मी तो न वाचताच सही केली होती. मॅनेजरसाहेबांनी विचारले तेव्हा मी काहीच बोललो नाही आणि बोलणी बसली माल भरणाऱ्या मुलाला. त्याच्या एका दिवसाचा पगारही कापला गेला. मी वाचलो, असे मला वाटले.

पुढे महिन्याभरात एक मशीन बंद पडले. चौकशी केली तेव्हा कळले, ते तीन दिवस वेगळा आवाज करत होते. तो आवाज सगळ्यांनी ऐकला होता, पण मला कोणीही सांगितले नाही. एक वयस्कर कामगार शांतपणे म्हणाले, “सांगितलं असतं साहेब, पण मग ते आमच्याच नावावर आलं असतं.” त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मी त्या दिवशी गप्प राहिलो म्हणून आता माझी माणसे गप्प राहत होती.

ही गोष्ट केवळ मशीनपुरती नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवली एमआयडीसीत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. त्यांची कारणे ठरवणे हे आपले काम नव्हे. परंतु रसायने, बॉयलर आणि विजेच्या सान्निध्यात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी “इथे काहीतरी बिघडले आहे” असे न घाबरता सांगता येणे किती मोलाचे आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. रुग्णालयात चुकीचे औषध दिले गेले तर ते ताबडतोब सांगणारी परिचारिका रुग्णाचा जीव वाचवू शकते. ती सांगेल की लपवील, हे पुष्कळदा तिच्या वरिष्ठाच्या स्वभावावर अवलंबून असते. विश्वास ही केवळ गोडीगुलाबीची बाब नाही. कधीकधी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

डबेवाल्यांकडून धडा

विश्वासावर उभी राहिलेली एक संघटना आपल्या अगदी जवळची आहे. ती म्हणजे मुंबईचे डबेवाले. सन १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी ते वाढवले. बरेचसे डबेवाले वारकरी परंपरेतले आणि पुष्कळांचे शिक्षण बेताचेच. १९५६ साली ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स’ या नावाने त्यांच्या ट्रस्टची नोंदणी झाली.

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी सुमारे ५,००० डबेवाले रोज एक लाख तीस हजारांहून अधिक डबे पोहोचवत आणि रिकामे डबे घरी परत नेत. डब्यावरचे रंग, आकडे आणि अक्षरे पाहून तो कोठे जायचा हे ते ओळखतात. मधल्या स्टेशनात डबे चढवायला-उतरवायला काही सेकंदच मिळतात. तेथे एकाचा हात मागे राहिला तर सगळ्यांची गाडी चुकते. अशा कामात एकमेकांवर भरवसा नसेल तर एक दिवसही निभावणार नाही.

हा भरवसा येतो कोठून? त्यांच्या मुकादमाकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. त्याच्या चार सवयी आपण समजून घेऊ.

१. मुकादम स्वतःही डबा उचलतो. मुकादम हा अनुभवी, अनेक वर्षे हेच काम केलेला डबेवाला असतो. डब्यांची वर्गवारी, गाडीत चढवणे, पैशांची वसुली या सर्वांवर त्याची देखरेख असते. पण तो नुसता उभा राहून हुकूम सोडत नाही. तोही डबे गोळा करतो आणि पोहोचवतो. त्यामुळे पावसाळ्यात हातगाडी ओढताना काय होते, लिफ्ट बंद असली की किती वेळ जातो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ज्याने ओझे उचलले आहे, त्याचा शब्द माणसे मानतात.

२. गट लहान, जबाबदारी पूर्ण. एवढी मोठी संघटना, पण काम चालते साधारण वीस-पंचवीस जणांच्या गटांतून. नवा माणूस घेणे, गिऱ्हाईक सांभाळणे, आपसातील तंटा मिटवणे हे गटच पाहतो. खर्च वजा जाता उरलेली मिळकतही गटातले सभासद वाटून घेतात. येथे बायबलमधील एक प्रसंग आठवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि त्याला सांगितले, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेम (निर्गम, अध्याय १८). मोशेने ते ऐकले. ‘मी नसलो तर काम होणार नाही’ असे म्हणणाऱ्या वरिष्ठाला आपल्या माणसांवर विश्वास टाकणे अजून जमलेले नसते.

३. अडचण आली की आधी काम, मग चौकशी. प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात. कोणी आजारी पडला, कोणाची गाडी चुकली, तर त्यांपैकी एकजण त्याच्या जागी धावतो. गटातल्या माणसांना एकमेकांची कामे माहीत असतात. गिऱ्हाईक उपाशी राहू नये हे पहिले. कोणाचे चुकले हे पाहायला नंतर वेळ असतो. आपल्याकडे मात्र पुष्कळदा उलटे घडते. गुन्हेगार शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि काम तसेच पडून राहते.

४. नियम सर्वांना सारखा. डोक्यावर पांढरी टोपी, कामावर असताना दारू नाही, असे त्यांचे नियम आहेत. ते मोडले तर दंड होतो. विश्वास म्हणजे ढिलाई नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. एकाला माफी आणि दुसऱ्याला शिक्षा दिसली की माणसांचे मन उडते. कडक पण सरळ माणसाबरोबर लोक वर्षानुवर्षे राहतात. आतबाहेर वेगळे असणाऱ्याबरोबर मात्र कोणी मनापासून काम करीत नाही.

अर्थात, नुसत्या एकजुटीने सगळीच संकटे टळत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल बंद झाली आणि डबेवाल्यांचे कामही थांबले. कार्यालये पुन्हा सुरू झाल्यावरही पूर्वीइतके डबे परत आले नाहीत आणि अनेकांना दुसरा रोजगार शोधावा लागला. तरीही सव्वाशेहून अधिक वर्षे त्यांनी जे टिकवले, त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आपण काय करावे?

विश्वास भाषणाने येत नाही, सहलीला नेऊन किंवा दिवाळीला मिठाई वाटूनही येत नाही. तो लहान लहान गोष्टींनी साठतो आणि एका खोट्या शब्दाने सांडतो. येत्या आठवड्यात पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

– आपल्या हाताखालच्या माणसांपैकी एकाचे काम अर्धा तास त्याच्या बरोबरीने करा. तपासणीसाठी नको, समजून घेण्यासाठी करा.
– वाईट बातमी घेऊन कोणी आले, तर पहिला शब्द ‘बरे झाले सांगितलेस’ हा असू द्या.
– चूक दाखवायची तर एकांतात, कौतुक करायचे तर चारचौघांत.
– दिलेला शब्द लहान असला तरी पाळा. ‘शनिवारी लवकर सोडतो’ म्हटले असेल तर सोडा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी तसे सांगा.
– वरिष्ठांनी शाबासकी दिली तर ज्याने काम केले त्याचे नाव घ्या. बोलणी बसली तर आधी स्वतः पुढे व्हा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो. मशीन बंद पडले त्याच आठवड्यात मी साहेबांकडे गेलो आणि त्या चुकीच्या मालाची खरी हकिगत सांगितली. मला लेखी ताकीद मिळाली. त्या मुलाचा कापलेला पगार परत देववला आणि पाळी सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. लगेच काही बदललेही नाही. सुमारे दोन महिन्यांनी तोच मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “साहेब, तीन नंबरचा पट्टा सैल वाटतोय, जरा बघता का?” त्या दिवशी मला खरी बढती मिळाली असे मी मानतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या कामाच्या ठिकाणी वाईट बातमी माझ्यापर्यंत लवकर पोहोचते की उशिरा? असे का होते?
२. माझी चूक दुसऱ्याच्या नावावर गेली आहे काय? ती दुरुस्त करण्यासाठी मला कोणाकडे जावे लागेल?
३. घरात मीच मोठा असेन, तर माझी मुले आपली चूक मला न घाबरता सांगतात काय?