आधी नजर, मग औषध

पोरांनो, घरात पिल्लू आणलंत, चांगलं केलंत. आता थोडं ऐका. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करता करता माझे केस पिकले आणि तिथे एक वाक्य रोज कानावर यायचं : “काल संध्याकाळपर्यंत अगदी ठणठणीत होता हो!” बहुतेक वेळा तो ठणठणीत नसायचाच. चार दिवस पाणी जास्त पीत असायचा, जिना चढायला कचरायचा, ताटलीत अर्धं टाकायचा. फक्त कुणी पाहिलेलं नसायचं. प्राणी दुखणं लपवतात. रानात जो दुबळा दिसला तो आधी मारला जातो. ती सवय सोफ्यावर झोपायला मिळालं तरी सुटत नाही. म्हणून खाली दिलेल्या मंत्रांतला पहिला सगळ्यात मोठा, बाकीचे त्याच्या पोटात आले.

बरा असतानाच ओळख करून घ्या. रोज किती खातो, किती पितो, शी कशी होते, शू किती वेळा, हे घरातल्या एकाला तरी सांगता आलं पाहिजे. ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लावा. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. मूळच्याच काळ्या हिरड्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. फिक्या म्हणजे रक्त कमी, पिवळ्या म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वासाचा त्रास; यातलं काहीही दिसलं की उद्यावर टाकायचं नाही. नाक कोरडं म्हणजे ताप, यावर विसंबू नका. कुत्र्या-मांजराचं अंग एरवीच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागतं. महिन्यातून एकदा त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. आजार डोळ्यांना दिसण्याआधी वजनात दिसतो.

आपल्या औषधाच्या डब्याला हात लावू नका. माणसाला चालतं ते त्याला चालेलच असं नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब ‘थोडेसे’ म्हणून मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर तिला झटके येतात.

स्वयंपाकघरालाही हाच नियम. कांदा-लसूण कच्चा असो की फोडणीतला, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक, तेव्हा प्रसादाचा शिरा श्रद्धेने भरवू नका. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगगमही वरच्या फळीवरच राहू द्या.

कुत्र्याची लस आणि गोचीड, दोन्हींचा हिशेब ठेवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचा असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी. हे पुरं होईपर्यंत पिल्लाला चौकातल्या मातीत सोडू नका. पार्व्होचा विषाणू तिथे महिनोन्‌महिने तग धरतो. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागले तर तासांचा प्रश्न असतो.

गोचीड कानात, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत शोधा. रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. गोचीड होऊन गेल्यावर कुत्रा मलूल पडला, नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासून घ्या.

शिजवलेली हाडं देऊ नका; ती टोकदार फुटतात. उन्हाळ्यात फिरवण्याआधी डांबरावर हाताची उलटी बाजू टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. ऊन बाधून धापा टाकू लागला तर सावलीत आणा, अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच निघा. बळजबरीने पाणी पाजू नका, ठसक्याने ते फुप्फुसात जातं.

आणि तुम्हाला कुत्रा चावला किंवा ओरखडला, मग तो घरचा का असेना, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरची-हळद भरणं बंद. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणं एकदा दिसली की त्यावर औषध नाही.

मांजर दुधावर जगत नाही. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि घर शाकाहारी असलं तरी मांजर शाकाहारी होत नाही. मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडलं की तिची नजर आणि हृदय दोन्ही जातात. बोका पुन्हापुन्हा शू करायला बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, याला बद्धकोष्ठ समजू नका. मूत्रमार्ग अडलेला असतो. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. मांजर दोन दिवस जेवली नाही तर ‘रुसलीय’ म्हणून हसू नका, यकृतात चरबी साठू लागते. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मांजर बाहेर काढायची गरज नाही. तिच्या वाळूचा डबा दुसऱ्याने रोजच्या रोज साफ करावा, एवढं पुरतं. फुलदाणीत लिलीची फुलं मात्र नकोत. परागही मांजरीच्या मूत्रपिंडांना विष आहे.

पिंजऱ्यात कोण आहे ते आधी बघा. आपला रानातला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, चांदणी कासवाचंही तेच. आधीपासून घरात असेल तर खिडकीतून सोडून मोकळे होऊ नका, त्याला स्वतःचं पोट भरता येणार नाही, वनखात्याला कळवा. लव्हबर्ड म्हणून विकतात ते बजी पाळता येतात. त्यांना नुसत्या बिया नकोत, हिरवी भाजीही द्या. नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका, त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी बराच आधीपासून आजारी असतो.

सशाला गवत हवं, गाजर नव्हे. त्याचे दात जन्मभर वाढतात, गवत चघळूनच ते झिजतात. गाजर एखादा तुकडा, तोंड गोड करण्यापुरता. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, की आतडं थांबलं समजा आणि उठा. कान धरून उचलू नका, अंघोळ घालू नका.

मासे पाळायचे म्हणजे पाणी पाळायचं. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की आठवड्यात मरतात. त्यांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला महिना-दीड महिना लागतो, तोवर दोनच मासे ठेवा. आठवड्याला पाव पाणी बदला, सगळं नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळवा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि कंटाळा आला म्हणून मासे किंवा लाल कानांचं कासव तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या जिवांची जागा ते बळकावतात. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा.

दवाखान्यात खरं सांगा. जाताना वजनाची वही, लशीचं पुस्तक, जमलं तर शीचा नमुना घेऊन जा. घरी कुठली गोळी दिली, किती दिली, कधी दिली हे लाजून लपवू नका. मी पाहिलंय, ‘काही दिलं नाही’ म्हणणाऱ्याच्या पिशवीतून स्ट्रिप डोकावायची. डॉक्टर रागावतील, रागावू देत. पण उतारा कोणता द्यायचा हे त्या एका उत्तरावर ठरतं.