सीप्लेन टेंडर कुठे ठेवावं?

प्रश्न : पॅसिफिक युद्धाच्या वॉरगेममध्ये माझी सीप्लेन टेंडर जहाजं विमानवाहू ताफ्यासोबत असतात आणि लगेच बुडतात. काय चुकतं?

उत्तर : ती ताफ्यात नकोतच. टेंडर म्हणजे समुद्री विमानांचा तरंगता तळ : इंधन, सुटे भाग, वैमानिकांचं जेवणखाण, सगळं तिथेच. धावपट्टी नसलेल्या बेटाच्या आडोशाला नांगर टाका आणि कॅटलिना विमानं टेहळणीला सोडा. मे १९४२ मध्ये फ्रेंच फ्रिगेट शोल्सला अमेरिकेची अशी जहाजं नुसती उभी होती, तेवढ्याने पाणबुड्यांकडून तिथे इंधन घेऊन पर्ल हार्बर पाहून यायचा जपानी समुद्री विमानांचा बेत बारगळला. मिडवेच्या लढाईआधी जपानला बंदराची खबर मिळालीच नाही! फक्त शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्याबाहेर राहा. जागा हेरली गेली, तर त्याच रात्री जहाज हलवा.