आधी बॅटरी, मग सोलर!

मे महिन्यात धुळ्याला घरी गेलो होतो. लाईट गेली की इन्व्हर्टर वीस मिनिटांत मान टाकायचा. बाबा म्हणाले, "सोलरच बसवू. साक्रीला १२५ मेगावॅटचा प्रकल्प चालतो, आपली एक बॅटरी चार्ज होणार नाही?" म्हटलं, आधी पेशंट तपासू.

चार्जिंग बंद करून बॅटरी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मल्टीमीटरवर १२.४ व्होल्ट. पूर्ण चार्ज असती तर १२.७ च्या आसपास हवे. तरी ठीकच वाटले. पण दोन पंखे लावताच १०.३! मग हायड्रोमीटर घातला. पाच सेलमध्ये १.२५०, सहाव्यात १.१२०. फरक ०.०५० च्या वर गेला की तो सेल गेलाच समजा. पाणी आटून त्याच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. असा सेल सोलरनेही उठत नाही. बॅटरी नवीन घेतली.

आता सोलरचा हिशोब. १२ व्होल्ट × १५० अँपिअर-अवर = १८०० वॅट-अवर. त्यातले निम्मेच वापरावे, म्हणजे ९००. ३०० वॅटचे पॅनेल पाच तासांच्या कडक उन्हात, तूट धरूनही, तेवढे भरून देते. मध्ये चार्ज कंट्रोलर मात्र हवाच.

तेव्हा मित्रांनो, उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नको. आणि बॅटरीजवळ काडी ओढू नका, तिथे हायड्रोजन असतो!