जोर पाहून चाल

बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ विद्यार्थी बुद्धिबळ शिकतात ते पुस्तकातून नव्हे, तर घरच्या वडीलधाऱ्यांकडून. त्यामुळे जिमखान्यात पट मांडला की पहिला वाद नियमांवरूनच होतो. जुन्या देशी पद्धतीत प्यादे बहुधा एकेकच घर सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. हा फरक वरवरचा नव्हे. देशी डाव सावकाश उलगडतो. आंतरराष्ट्रीय डावात पट चार-दोन चालींतच खुला होतो, आणि घरी तरबेज समजला जाणारा गडी स्पर्धेत पंधरा चालींच्या आत कोलमडतो.

म्हणून देशी खेळ टाकाऊ ठरत नाही. मीर सुलतान खान देशी पद्धतीनेच शिकला होता. नवे नियम आत्मसात करून त्याने १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, व १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविले. आपल्या शेजारी सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापून या खेळाची परंपराच निर्माण केली.

जुन्या खेळाडूंचा एक शब्द दोन्ही पद्धतींना सारखाच लागू पडतो. तो म्हणजे जोर. मोहरे मारले गेल्यास मारणाऱ्याला उलट मारणारे आपले दुसरे मोहरे तयार असेल, तर पहिल्याला जोर आहे; नसेल तर ते बिनजोर. हौशी खेळाडूंचे बहुतेक पराभव बिनजोर मोहऱ्यांमुळेच होतात.

वसतिगृहात नवख्यांना हमखास फसविणारी चार चालींची मात घ्या. काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्याला आरंभी फक्त राजाचाच जोर असतो. पांढरा उंट व वजीर दोघेही त्याच्यावर रोखले की वजीर ते प्यादे मारून मात करतो. वजिराला उंटाचा जोर असल्याने राजाला त्यास मारता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंची राजापुढील प्यादी दोन-दोन घरे पुढे आली, काळ्याचा वजिराकडील घोडा बाहेर पडला आणि पांढरा वजीर हत्तीच्या पट्टीवर येऊन बसला, की काळ्याने राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याला हुसकावे. वजीर उंटाच्या पट्टीवर जाऊन पुन्हा तीच धमकी देईल. तेव्हा दुसरा घोडा आड घालावा. आता पांढऱ्याच्या वजिराच्या दोन चाली झाल्या, शिवाय त्याच्याच घोड्याची उत्तम जागा त्याने अडविली. ही मात करू पाहणाऱ्याला खरे तर दंडच व्हायला हवा!

परंतु जोर नुसता मोजून भागत नाही, तोलावाही लागतो. प्यादे १, घोडा व उंट ३, हत्ती ५, वजीर ९ असा ढोबळ हिशेब आहे. समजा, शत्रूच्या प्याद्याला एकाच प्याद्याचा जोर आहे, आणि तुमचे घोडा व हत्ती त्यावर रोखलेले आहेत. दोघे विरुद्ध एक, म्हणून तुम्ही घोड्याने मारता. प्यादे घोडा मारते. हत्ती ते प्यादे मारतो. मिळाले २, गेले ३.

खोटा जोर याहून फसवा. राजाच्या आड उभा असलेला घोडा शत्रूच्या उंटाच्या माऱ्यात असेल तर त्याला हलताच येत नाही. तो बांधलेला आहे. त्याच्या भरवशावर ठेवलेले मोहरे बिनजोरच समजावे.

पटावरून वजीर उतरले की राजालाही कामाला लावावे, कारण आता त्याला मातीचे भय कमी. एकटे प्यादे पुढे नेताना राजाने त्याच्या मागे लपू नये; पुढे जाऊन वाट मोकळी करावी. फक्त कडेच्या, म्हणजे हत्तीच्या पट्टीवरील प्याद्याचा भरवसा धरू नये. शत्रूचा राजा त्या कोपऱ्यात पोचला की राजा-प्याद्याचा तो डाव बरोबरीतच सुटतो.